शंखाची भावकी

सांगलीत म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, मिळत नाही असं नाही, पण सांगून ठेवावं लागतं. रत्नागिरीहून बर्फाच्या पेट्या येतात त्यात सुरमई, बांगडा, कोळंबी असते. म्हाकूळ कुणी विचारत नाही म्हणून कुणी आणत नाही. मी विचारते. विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते तिथे तिसऱ्या वर्षाला ते कापायला असतं. माझी नेहमीची मासळीवाली उन्हाळ्याच्या तोंडावर मला लांबून पाहिलं की हसायला लागते. तिची पक्की समजूत आहे की परीक्षा झाली की आम्ही सगळे मिळून ते तळून खातो. तसं नाही हे मी तिला एकदा नीट समजावून सांगितलं, तिचा विश्वास बसला नाही, मग मी नाद सोडला.

बेडूक आणि झुरळं कापणं बंद झाल्यापासून आम्ही बाजारात खाण्यासाठी आलेल्या, आधीच मेलेल्या जनावरांवर भागवतो. तक्ते असतात, संगणकावर फिरवून बघायची चित्रं असतात, पण चित्रातलं हृदय जिथे असायला हवं तिथेच असतं आणि वर त्याला लाल रंगही दिलेला असतो. खऱ्या जनावरात ते शोधावं लागतं, आणि म्हाकुळाच्या बाबतीत तीन शोधावी लागतात. ज्यांना कापणं नकोच असतं ते दुसऱ्या वर्षानंतर गुपचूप वनस्पतिशास्त्राकडे वळतात. जे माझ्याकडे उरतात ते कापायला तयार होऊनच आलेले असतात, अशी माझी समजूत होती.

आमच्या मुलांनी समुद्र बघितलेला असतो तो शाळेच्या गणपतीपुळ्याच्या सहलीत, तोही गुडघाभर. म्हाकूळ ट्रेमध्ये ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, ह्याची वरची बाजू कुठली? प्रश्न चुकीचा नाही. जनावरच उलटं आहे. डोकं मधे, पाय डोक्याला, आणि बाकी सगळा देह डोक्याच्या मागे एका जाड, पांढऱ्या पिशवीत. त्या पिशवीला प्रावार म्हणायचं. तिच्या तोंडाशी एक नरसाळं असतं. पिशवीत पाणी घ्यायचं, नरसाळ्यातून जोराने सोडायचं आणि मागच्या मागे पळायचं, ही त्याची चाल. आठ बाहू, दोन लांब, सोंडेसारखे शुंडके, बाहूंच्या मधोमध पोपटासारखी चोच. माशासारखं बघतं म्हणून मासा म्हणाल तर फसाल, कारण डोळा सोडला तर त्यात माशाचं काही नाही.

कापताना एकच गोष्ट मी पन्नास वेळा सांगते, की प्रावार पोटाच्या बाजूने, मध्यरेषेवर, वरवर कापा. खोल गेलात की शाईची पिशवी फुटते. चंदेरी रंगाची, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, दिसायला गरीब. फुटली की ट्रे काळा, हात काळे, शेजाऱ्याचा ॲप्रन काळा, आणि मग कल्ले कुठले नि हृदय कुठलं ते देवाला ठाऊक. दरवर्षी कुणीतरी फोडतंच. मी चिडते, मुलं खाली मान घालून हसतात, हे दरवर्षीचं.

पण खरी रड कापण्याची नसते, वर्गीकरणाची असते. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यात पुस्तकं बदलतात. मी शिकत होते तेव्हा आपल्याकडच्या म्हाकुळाला लोलिगो म्हणायचे. आता नव्या पुस्तकांनी त्याला दुसऱ्या प्रजातीत नेऊन बसवलंय, जुन्यांत अजून लोलिगोच आहे, आणि मुलं मला विचारतात, परीक्षेत कुठलं लिहू. जणू मीच त्याचं नाव बदललं.

एका वर्षी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि वर्गीकरण भावकीत सांगितलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पलूस, कडेगाव, तासगावकडची. कोण कुणाचा चुलता, कुणाची वाटणी कधी झाली, कुणाचं सुतक कुणाला लागतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी म्हटलं, मृदुकाय संघ हे एक कूळ समजा. त्याचा मूळ पुरुष अंगाने मऊ, पाठीवर कवच, पोटाखाली एक मांसल पाय. त्याच्या पोरांनी वाटण्या केल्या. एकाने दोन दारांचं घर बांधलं आणि आतून कडी लावून घेतली, तो शिंपला. दुसऱ्याने घर पिळून पाठीवर घेतलं आणि पोटावर सरपटत निघाला, त्याचीच पोरं गोगलगायी आणि शंख. तिसरा उचापतखोर. त्याने पायाचे फाटे करून डोक्याला लावले, म्हणून तो शीर्षपाद. त्याच्यातल्याही एका भावाने, नॉटिलसने, घर अजून बाहेर सांभाळलंय. म्हाकुळाने ते मोडलं आणि एक पातळ पट्टी तेवढी पाठीच्या आत ठेवली.

मग मी मागच्या वर्षीच्या म्हाकुळातून काढून वाळवलेली ती पट्टी सगळ्यांना दाखवली. पारदर्शक, पिसासारखी, बोटाला प्लॅस्टिकची वाटते. वर्ग हसला, लक्ष देऊन ऐकलं, एका मुलाने तर शिंपला आणि म्हाकूळ यांचं सुतक एकमेकांना लागतं का असंही विचारलं. मी फारच खूश होऊन स्टाफरूममध्ये गेले आणि दोन चहा प्यायले.

दुसरा चहा संपतो तोच एक मुलगी मला शोधत आली. कुंडलहून रोज एस.टी.ने येणारी, वर्गात फार न बोलणारी, हाताने फार स्वच्छ. कोळंबीची मज्जारज्जू तिने अशी सोडवली होती की मी तो ट्रे दुसऱ्या बॅचला दाखवायला ठेवला. कोंबडीचं हृदय, बांगड्याचा मेंदू, कशालाच तिने नाक मुरडलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, मला म्हाकूळ कापता यायचं न्हाई.’’

मला वाटलं वासामुळे. मी म्हटलं, नाकाला रुमाल बांध. तसं नव्हतं. तिच्या घराण्याचं देवक शंख होतं.

देवक म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी घरात पूजून बसवतात ते कुळाचं चिन्ह. कुणाची कळंबाची फांदी असते, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं साळुंखीचं पीस. ज्याचं जे देवक ते त्याने तोडायचं नाही, मारायचं नाही, खायचं नाही, एवढा साधा कायदा. हे मला नवीन नव्हतं, मीही कडेगावची. पण म्हाकुळाचा यात काय संबंध, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच बोलले. शंख वेगळा, म्हाकूळ वेगळं, इतकं तुला कळतं ना?

तर ती शांतपणे म्हणाली की कालपर्यंत वेगळंच होतं. आज तुम्हीच भावकी सांगितली.

मी तिला शब्दात पकडायचा प्रयत्न केला. अशी वर वर चढत गेलीस तर सगळेच प्राणी एकाच सृष्टीतले, मग कोंबडीही तुझी भावकी. तिचं हृदय कापताना कुठे गेलं होतं देवक? ती म्हणाली, कोंबडीचा संघ वेगळा, आणि संघ बदलला की कूळ बदललं असं तुम्ही म्हणालात. शंखाचा आणि म्हाकुळाचा संघ एकच. मला राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम. त्या वर्गात एवढं पक्कं वर्गीकरण दुसऱ्या कुणाला आलं नव्हतं.

एरवी तिने एवढं धरलंही नसतं, पण घरात लग्न होतं. तिच्या थोरल्या चुलत्यांच्या मुलाचं. लग्न रविवारी, शनिवारी देवक बसणार, आणि ते उठवायचं पूजा झाल्यावर मंगळवारी. आमची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी. घरात देवक बसलेलं असताना त्याच्या भावकीतलं कुणी सुरीने फाडायचं, आणि पुढे नवीन जोडप्याला काही झालं तर घरातल्यांनी काय म्हणायचं? ती स्वतः विज्ञानाची विद्यार्थिनी होती, असं काही होत नसतं हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. पण झालंच तर, या दोन शब्दांपुढे माझं विज्ञान चालेना.

मी विभागप्रमुखांकडे गेले. तिला कोळंबी द्या, म्हटलं. सर भले गृहस्थ, पण त्यांनी हात जोडले. एकीला सूट दिली की उद्या एकाची एकादशी निघेल, दुसऱ्याची चतुर्थी, तिसरा म्हणेल माझा गुरुवार. बाहेरून परीक्षक येणार साताऱ्याहून, त्यांच्यापुढे सगळ्यांना एकच जनावर. कापणार नसेल तर विच्छेदनाचे गुण शून्य, आणि तेवढे गेले की प्रात्यक्षिकात नापास. त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

नापास होणं कुणाला परवडतं कुणाला नाही. हिला अजिबात परवडणारं नव्हतं. वडील फौजेत, लांब कुठेतरी पोस्टिंगवर, आणि घरचं सगळं थोरल्या चुलत्यांच्या हातात. त्यांनी तिला शिकायला कधी आडकाठी केली नव्हती, फक्त एक अट होती. न अडकता शिक, जिथवर शिकशील तिथवर शिकवतो. एकदा अडकलीस की पुस्तकं बांधायची आणि स्थळं बघायची. तिला पुढे मत्स्यविज्ञान करायचं होतं, कोकणात जाऊन. जिने गुडघाभर समुद्र पाहिला तिला माशांचं इतकं का वाटावं हे मी तिला कधी विचारलं नाही. माझंही तसंच झालं होतं.

मी तिच्यापुढे सुतकाचा मुद्दा मांडला. भावकी कितीही जुनी असली तरी काही पिढ्यांनंतर सुतक तुटतं की नाही? मग म्हाकूळ आणि शंख वेगळे होऊन किती पिढ्या झाल्या असतील याचा हिशेब कर. कोट्यवधी वर्षं झाली. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, माणूस तर सोडच. तिला हे पटल्यासारखं दिसलं, पण ती म्हणाली, हे मी ठरवू शकत नाही, आबांनी ठरवायला पाहिजे. आबा म्हणजे ते थोरले चुलते.

मग सरळ आबांकडेच जायचं ठरवलं. लग्नाच्या आधीच्या रविवारी कॉलेजच्या संग्रहातली म्हाकुळाची काचेची बरणी पिशवीत घातली, वाळवलेली पट्टी पर्समध्ये ठेवली आणि कुंडलची एस.टी. पकडली. बरणी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने लोणचं आहे का विचारलं. मी हो म्हटलं.

घर नवीन स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर, मांडवाचे वासे येऊन पडलेले. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, पांढरी मिशी नीट कातरलेली. शिक्षिका घरी आली म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि पुतणीने काही केलं की काय म्हणून आधी तिच्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. परीक्षा, शून्य गुण, शंख, भावकी. माझी भावकीची गोष्ट त्यांनाही सांगावी लागली, आणि ती ऐकताना ते मान हलवत होते, म्हणजे पटत होती. तिथेच मला धोका कळायला हवा होता.

मी बरणी टीपॉयवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बरणी फिरवली आणि म्हणाले, ‘‘हे मी खाल्लंय. अंदमानला असताना. नुसतं रबर हाय.’’

मग मी काय म्हणतेय आणि त्यांनी काय खाल्लं, हे दोन्ही एकत्र त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते म्हणाले की तवा काय म्हाईत हुतं, आणि बरणी जरा दूर सरकवली.

मी पर्समधून पट्टी काढून हातावर ठेवली. हेच त्याचं उरलेलं घर, म्हटलं. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, वाकवून पाहिली, आणि मला प्रश्न विचारला, ज्याच्याकडं अजून वडिलांच्या घराची काठी हाय त्यो भावकीतनं गेला कसा? मी पिढ्यांचा मुद्दा काढला. कोट्यवधी वर्षं, सुतक तुटणं, सगळं. आबांनी ते नीट ऐकून घेतलं. फौजेत वरच्या अधिकाऱ्याचं ऐकून घ्यायची सवय असावी. सुतक तुटतं हे त्यांना मान्य होतं. पण सुतकाला पिढ्या असतात, देवकाला नसतात. सुतक माणसांचं असतं, ते थकतं. देवक कुळाचं. कूळ आहे तोवर देवक आहे.

खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी बरणीकडे बघत बसले. एस.टी.चं भाडं, रविवार, लोणचं, सगळं वाया गेल्यासारखं वाटत होतं. ती मुलगी चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं. कळलं तिला.

आबांनाही कळलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांचा जीव होता तिच्यावर, यात शंकाच नको. ते म्हणाले, ‘‘अवं मॅडम, आपुन उगंच घोळ घालतोय. देवक पोरांनी सांभाळायचं. पोरीच्या जातीला कसलं आलंय देवक? ही आज न्हाई उद्या दुसऱ्याच्या घरी जायाची, तितलं आसंल ते हिचं. आमच्या देवकाचा नि हिचा संबंध काय? कापू द्या तिला.’’

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. आबांचे आभार मानले, चहा घेतला, लाडू खाल्ला, लग्नाचं आमंत्रण घेतलं, यायचं कबूल केलं. आबाही खूश होते. पुतणीचं वर्ष वाचवलं होतं आणि देवकालाही धक्का लागला नव्हता. त्यांनी तिला हाक मारून सांगितलं, ‘‘जा गं, बिनघोर काप.’’ ती हो म्हणाली आणि रिकामे कप घेऊन आत गेली. निघताना बाहेर आली नाही. मला वाटलं लग्नघरात कामं असतील.

लग्नाला मी गेले नाही. रविवार म्हाकुळांच्या मागे गेला. मासळीवालीने पाठवलेली निम्मी इतकी बारकी होती की त्यात काही शोधायचं म्हणजे भिंग लागलं असतं. तिला फोनवरून चार शब्द सुनावले तेव्हा संध्याकाळी दुसरी आली.

सोमवारी ती पहिल्या बॅचला होती. हातांवर मेंदी होती, डोळे जागरणाने लाल. तिने हातमोजे चढवले आणि ट्रे पुढे ओढला. साताऱ्याहून आलेले परीक्षक बारीक, अबोल आणि नजरेने चिमटे घेणारे होते. ते प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. त्या धास्तीनेच दोघांनी शाई फोडली.

तिने प्रावार मध्यरेषेवर एका दमात उघडला. टाचण्या लावून दोन्ही बाजू ताणल्या. चंदेरी शाईची पिशवी तशीच, सबंध. दोन पिसांसारखे कल्ले. कल्ल्यांच्या मुळाशी दोन छोटी हृदयं, जी रक्त कल्ल्यांत ढकलतात, आणि मधे तिसरं, जे ते अंगभर पाठवतं. म्हाकुळाचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं, पण मेलेल्या जनावरात ते दिसत नाही, हृदयं फिकी, पाण्यासारखी दिसतात, आणि म्हणूनच बहुतेकांना सापडत नाहीत. तिने तिन्हीखाली काळ्या कागदाच्या बारीक चिठ्ठ्या सरकवल्या. त्यावर ती स्पष्ट उठून दिसत होती. मग बाहूंच्या मधून चोच सोडवली, तिच्या आतली करवतीसारखी जीभ चिमट्याने उलगडली, आणि शेवटी पाठीच्या बाजूला छेद घेऊन ती पारदर्शक पट्टी अखंड ओढून काढली.

परीक्षक तिच्या टेबलापाशी थांबले. पहिल्यांदाच बोलले. विचारलं, कवच तर दिसत नाही, मग ह्याला मृदुकायात का घालायचं? तिने प्रावार दाखवला, जीभ दाखवली, पायाचे बाहू झाले ते सांगितलं, पट्टी उचलून दाखवली. म्हणाली, बाहेरून दिसत नाही म्हणून तो त्या संघातला नाही असं होत नाही, सर. वर्ग, गण, कुल सगळं खाली उतरत सांगितलं आणि शेवटी प्रजातीची जुनी आणि नवी दोन्ही नावं सांगितली. परीक्षकांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, मुलगी तयार केलीत तुम्ही. माझी छाती चांगली दोन बोटं फुगली.

बॅच संपली. बाकीची मुलं ट्रे तसेच टाकून पळाली, कारण ट्रे धुणं हे काम आपलं आहे हे आमच्या मुलांना तीन वर्षांत पटत नाही. ती एकटी सिंकपाशी धुवत होती. मी जवळ गेले. आता काळजी नाही, म्हटलं, गुण बघशील तर हरखून जाशील. मत्स्यविज्ञानाच्या प्रवेशाचं बघायला लाग. आबांना माझा नमस्कार सांग. आबा फार मोठ्या मनाचे आहेत.

तिने नळ बंद केला.

‘‘आबांनी नको म्हणलं असतं, तर मी नापास झाले असते,’’ ती म्हणाली. ‘‘पर त्या घरची म्हणून झाले असते.’’

एवढंच बोलून तिने ट्रे पालथा घातला, हात पुसले आणि एस.टी. गाठायला गेली. रडली वगैरे नाही. मीच तिथे मूर्खासारखी उभी राहिले. कुंडलला त्या खुर्चीवरून मी उठून उभी राहिले होते, आभार मानले होते, लाडू खाल्ला होता, आणि ती कप उचलत होती. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या माहेरचं देवक कोणतं ते आठवायचा मी प्रयत्न केला. सासरचं माहीत आहे, मुलाच्या लग्नात मीच मांडलं. माहेरचं काही केल्या आठवेना. कडेगावला भावाला फोन लावला. तो ऊसतोडीवाल्यांच्या गडबडीत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, आपलं देवक काय रे?

पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. त्याने दोनदा ‘काय?’ म्हणून विचारलं. मग त्याला ऐकू गेलं.

‘‘आपलं व्हय?’’ तो म्हणाला. ‘‘तुला आता काय करायचंय ते?’’

वाईट मनाने म्हणाला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, मला ते कशाला हवं असेल.